कोरेगावचा फोटो

सर रस्त्यात दिसले तर मी आजही मान हलवतो. तेही हलवतात. एकेकाळी त्यांच्याबरोबर मी इतका फिरलोय की बायको म्हणायची, लग्न माझ्याशी केलंत की सरांशी?

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो. मी, बायको आणि माझे वडील. नायगावच्या चाळीतली खोली सोडून वन रूम किचन घेतलं होतं. बिल्डिंगसमोर रस्ता व्हायचा होता, नुसता मुरूम टाकून ठेवलेला. मागे मिठागरं. पाणी टँकरचं. मी मुंबईत विमा कंपनीत कारकून होतो आणि फोटोंचं वेड होतं. ऑफिसातल्या एका साहेबांकडून जुना जपानी कॅमेरा घेतला होता. निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचा, चोरबाजारातून आणलेला एन्लार्जर बाथरूमच्या फळीवर बसवला होता. रविवारी सकाळी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला की घरातल्यांच्या आंघोळी दुपारपर्यंत बंद. प्रिंट धुवायला पाणी खूप लागतं, आणि टँकर येऊन गेल्यावर पिंपात किती उरलंय यावरून आमच्याकडे दर आठवड्याला भांडण ठरलेलं.

सर समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. भाईंदरच्या एका शाळेत इतिहास शिकवत. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे असतील. आम्ही सामान लावतोय तोवरच ते ओळख करून घ्यायला आले. बायकोने चहा केला.

"मूळ गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मंडणगडकडचे आम्ही."

"मंडणगडात कुठं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"गावात कुठं?"

हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो ते आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. मी काही बोलायच्या आत बाबा आतून म्हणाले, "खालच्या अंगाला, मास्तर. बौद्धवाडीत."

"छान, छान," सर म्हणाले आणि कपातला उरलेला चहा त्यांनी संपवला. चहा संपवला हे मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं असणार. असल्या गोष्टींवर लक्ष ठेवायची आमची सवय सुटता सुटत नाही.

माणूस चांगला होता. आजही मी ते नाकारत नाही. मी आजारी पडलो तेव्हा रिक्षा करून मला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांच्या बायकोने आमच्याकडे किती वेळा जेवण पाठवलं, आमच्याकडचं जवळ्याचं कालवण मागून नेलं. आणि माझे फोटो बघून जे बोलायचे ते मला आजवर दुसरं कुणी बोललेलं नाही. एकदा मी त्यांना घोडबंदरच्या किल्ल्याचा प्रिंट दाखवला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भिंतीपेक्षा भिंतीवरचं ऊन जास्त दाखवलंयस. बरोबर केलंस." तेवढ्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. आपल्याकडच्या लढाया जिथे झाल्या त्या जागांच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं. गडकिल्ल्यांची चित्रं सगळेच लावतात, म्हणायचे, पण माणसं जिथे मेली ती जागा आज कशी दिसते ते कुणी दाखवत नाही. मला ते पटलं. पुढची दोनेक वर्षं आम्ही रविवारी निघायचो. वसईला गेलो, घोडबंदरला तर कितीदा, आणि उत्तनच्या पुढे चौकच्या टेकडीवर, जिथे धारावीचा किल्ला होता. तिथे चढताना खालच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कोळणीने माझ्या ट्रायपॉडकडे बघून विचारलं, "काय मोजताव?" सर म्हणाले, "मावशी, इथे मोठी लढाई झाली होती." ती म्हणाली, "आमाला काय म्हाईत न्हाय. इथं दगुड हाय निस्ता." सर परतीच्या वाटेवर तिच्यावर चिडून बोलत होते, आपल्या लोकांना आपला इतिहास माहीत नाही वगैरे. मला मात्र ती बरोबर वाटत होती. लढाईच्या जागेचा फोटो काढायला गेलं की समोर खरोखरच काही नसतं. उतार असतो, गवत असतं, बकऱ्या चरत असतात. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते नुसतं गवतच. म्हणून फोटोखाली काय लिहिलंय आणि ते कोण लिहितंय, यालाच सगळी किंमत येते. हे मला तेव्हा कळलं होतं, पण ते आपल्यावरच येईल असं वाटलं नव्हतं.

नव्वद सालच्या पावसाळ्यानंतर सर यादी करायला बसले तेव्हा मी म्हटलं, "कोरेगाव घेऊ या. भीमेकाठचं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "घे की. रणभूमीच आहे ती. पण मला शाळा आहे, तू जाऊन ये."

आमच्या घरात ती लढाई बाबांनी सांगितलेल्या पद्धतीने ठाऊक होती. पेशव्यांची अफाट फौज एकीकडे आणि कंपनी सरकारची छोटीशी पलटण दुसरीकडे, त्या पलटणीत आमचे लोक. रात्रभर चालून आलेले, दिवसभर लढले, पोटात अन्न नाही, नदी डोळ्यांसमोर असून घोटभर पाणी नाही. ज्या राज्यात आमच्या सावलीचाही विटाळ व्हायचा त्या राज्याच्या फौजेसमोर ते उभे राहिले आणि हटले नाहीत. बाबा स्वतः फौजेत होते. दुसरं महायुद्ध चालू असताना भरती झाले होते. त्यांच्या पलटणीच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा तो स्तंभ कोरलेला होता. पुढे बिल्ला बदलला. बाबांनी जुना जपून ठेवला होता, मोजे ठेवायच्या पेटीत. पण बिल्ल्यावर आयुष्यभर पाहिलेला तो स्तंभ त्यांनी प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. नोकरी, मग गिरणीत वॉचमन, मग आईचं आजारपण. राहून गेलं होतं.

"एक जानेवारीला जातोय. तुम्ही येता?" मी विचारलं.

बाबांनी उठून लोकरीचा कोट ट्रंकेतून काढला आणि गॅलरीत उन्हात टाकला. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस घरभर होता.

आम्ही पुण्याला नातेवाइकांकडे उतरलो आणि पहाटे एस.टी.ने निघालो. गाडीत बरेचसे आमच्यासारखेच होते, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, मुलं, दोनतीन निवृत्त फौजी. पोचलो तेव्हा धुकं निघत होतं. नगर रस्त्याला लागून एक आवार, त्याला बुटकी भिंत, थोडी झाडं, आणि मधोमध तो दगडी स्तंभ. फार सजवलेला नाही. चौथरा आणि त्यावर वर निमुळता होत गेलेला दगड. बाजूला शेतं आणि पलीकडे नदी. नदी बघून बाबा म्हणाले, "एवढी जवळ होती?"

स्तंभावर मेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. बाबांनी चष्मा लावला आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. ज्या नावांच्या शेवटी 'नाक' येत होतं तिथे त्यांचा आवाज थोडा थांबायचा. त्यांच्या आजोबांच्या नावाच्या शेवटीही नाक होतं. माणसाच्या नावावरूनच त्याची जागा कळावी म्हणून लावलेली ती शेपटी. आणि इथे दगडात कोरलेल्या त्याच शेपटीला लोक फुलं वाहत होते.

मी ट्रायपॉड लावला. गर्दी वाढत चालली होती आणि मला रिकामी चौकट हवी होती, कारण सरांचा नियम होता की फोटोत माणसं नकोत. मी भिंतीजवळ मागे मागे सरकत गेलो. तेवढ्यात सूर्य धुक्यातून वर आला आणि स्तंभाची लांब सावली गवतावरून सरकत भिंतीपर्यंत आली. त्या सावलीच्या कडेला बाबा उभे होते. कोट, त्यावर पदकं, डोक्यावर बॅरे टोपी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. त्यांचा हात वयामुळे हल्ली थरथरायचा, चहाचा कप धरतानाही. तेव्हा तो हलला नाही. मी बटण दाबलं.

मीरा रोडला परत आल्यावर तो रोल मी स्वतः धुतला. मोठा प्रिंट काढला. ट्रेमधल्या डेव्हलपरमध्ये आधी सावली उमटली, मग स्तंभ, आणि सगळ्यात शेवटी तो छोटा माणूस. बायको दाराबाहेरून पाण्यासाठी ओरडत होती. मी तिला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. लाल दिव्यात तिने प्रिंटकडे पाहिलं आणि म्हणाली, "घ्या अजून एक बादली. नीट धुवा."

सरांनी तो प्रिंट पाहिला तेव्हा ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले, उजेडात. मग म्हणाले, "हा सगळ्यांत चांगला आहे. माणूस आहे त्यात, पण राहू दे. असाच लावू."

हे ते म्हणाले होते. मी नंतर हे शब्द मनात कितीदा उलटसुलट करून पाहिले, कुठेतरी माझं ऐकण्यात चुकलं असेल का म्हणून. चुकलेलं नव्हतं.

प्रदर्शन मे महिन्यात जेसल पार्कमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरलं. सरांनी काही मंडळी जमवून कमिटी केली होती. फ्रेम करून घेणं आणि लावणं त्यांच्याकडे होतं. मी ऑफिसमुळे आदल्या दिवशी जाऊ शकलो नाही. उद्घाटनाच्या दिवशी बाबा दुपारपासून तयार. मे महिन्याच्या उकाड्यात तो लोकरीचा कोट, पदकं ब्रासोने घासलेली. मी म्हटलं, "बाबा, कोट राहू द्या, घामाने भिजाल." ते म्हणाले, "फोटोत कोट आहे. लोक ओळखतील कसे?"

रिक्षाने गेलो. हॉल भरला होता. शेजारचे गुजराती शेठ, शाळेतल्या बाई, सोसायटीतले बरेच जण. बाबा दारातून आत शिरले आणि उजवीकडून एकेक फोटो बघत निघाले. वसई. घोडबंदर. चौकची टेकडी. प्रत्येकाखाली सरांच्या वळणदार अक्षरातला मजकूर. एका कोपऱ्यात पानिपतचा रंगीत फोटो होता, कुणाच्या तरी भावाने तिकडून काढून आणलेला, तिथल्या स्मारकाच्या बागेतला, झेंडूची फुलं आणि लोखंडी कठडा. बाबा सगळा हॉल फिरून पुन्हा दाराशी आले. मग पुन्हा पहिल्यापासून निघाले. दुसऱ्या खेपेला ते हळू चालत होते. मला तोवर कळलं होतं. ते मात्र एकेका फ्रेमसमोर थांबून, चष्मा सारखा करून नीट बघत होते, आपल्याच नजरेतून सुटला असेल म्हणून.

मी सरांना गाठलं. ते पाहुण्यांना सरबत देत होते.

"सर, कोरेगाव?"

"अरे, जागा पुरली नाही," ते म्हणाले. "हॉल लहान पडला."

"भिंत रिकामी आहे तिकडे."

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "हे बघ, माझं काही नाही. कमिटीत एकदोघांचं म्हणणं पडलं. ती काही आपल्या विजयाची जागा नाही. इंग्रजांनी बांधलेला खांब तो. आपला पराभव झाला तिथे. उगाच वाद कशाला?"

"आपला म्हणजे कुणाचा, सर?"

त्यांनी ट्रेमधले ग्लास सारखे केले.

"आणि पराभव नको असेल तर पानिपत का लावलंत?"

"तो वेगळा पराभव आहे," सर म्हणाले.

एवढं बोलून त्यांनाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. तेवढ्यात बाबा आमच्याजवळ आले. सरांनी त्यांना नमस्कार केला. "या काका. तुमचा फोटो घरी पाहिला मी. फार सुंदर. पुढच्या वेळी नक्की लावू."

बाबा म्हणाले, "हरकत नाही, मास्तर." फौजेत वरच्या हुद्द्याच्या माणसाशी बोलावं तसं, सरळ उभं राहून. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. शाळेतल्या एक बाई त्यांच्या पदकांकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही प्रमुख पाहुणे का?" बाबा म्हणाले, "नाही बाई. बघायला आलोय."

घरात आल्यावर त्यांनी कोट काढला, पदकं काढून कापडात गुंडाळली आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सरांकडून प्रिंट परत आला, तपकिरी कागदात गुंडाळलेला. फ्रेमसुद्धा करून घेतली होती त्यांनी. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत तो लावायचंच ठरलं होतं. ते बघून मला जास्त राग आला. जर त्यांना तो फोटो मुळातच आवडला नसता, तर मी समजू शकलो असतो.

बायको म्हणाली, "आपल्या हॉलमध्ये लावा." तो आम्ही दारासमोरच्या भिंतीवर लावला. दार उघडलं की समोरच्या ब्लॉकमधून दिसेल असा. त्यात हट्ट होता, मला मान्य आहे. सरांचं येणं हळूहळू कमी झालं. भांडण झालं नाही. वाटीची देवाणघेवाण चालू राहिली, मग सणापुरती राहिली. रविवारचं फिरणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं ते झालंच. मी कॅमेरा घेऊन एकटा बाहेर पडून पाहिलं, पण एखाद्या टेकडीसमोर उभं राहिलं की मला वाटायचं, याच्याखाली काय लिहायचं ते कुणीतरी दुसराच ठरवणार. मग मी न काढताच परत यायचो. पुढे बाथरूममधला एन्लार्जर गंजला. बायकोने तो भंगारवाल्याला दिला.

बाबा पंचाण्णवच्या थंडीत गेले. सर खांदा द्यायला आले होते. स्मशानात त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. त्याचंही काय करावं ते मला कळलं नाही.

तोवर मीरा रोड-भाईंदर बदलत चाललं होतं. खाजणांवर बिल्डिंगी आल्या, इंद्रलोककडे रस्ते झाले, निवडणुकांना रंग चढला. नव्वदचं दशक संपत आलं असताना एका संध्याकाळी सरांनी आमची बेल वाजवली. निवृत्त झाले होते, केस पांढरे. बऱ्याच वर्षांनी ते आमच्या सोफ्यावर बसले. बायकोने चहा आणला.

इंद्रलोककडे एक नवीन बाग होत होती. चालायच्या वाटेच्या कडेने इतिहासातल्या लढायांचे फोटो लावायचे होते, मोठमोठे फलक. सर त्या कामाच्या समितीवर होते. माझे वसईचे, घोडबंदरचे फोटो त्यांना हवे होते. "आणि तो," त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तो अगदी पहिला लावू. फाटकातून आत आलं की समोर."

"आता तो चालेल?" मी विचारलं.

सर मोकळेपणाने म्हणाले, "उद्घाटनाला जे पाहुणे येतायत ते तुमच्या समाजाचे आहेत. तो फोटो नसेल तर बरं दिसणार नाही." आपण काही वावगं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. आनंदाची बातमी घेऊन आल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

"बाकीचे न्या," मी म्हटलं. "तो नाही मिळणार."

"अरे, निगेटिव्ह दे नुसती. प्रिंट तुझ्याकडेच राहू दे."

"निगेटिव्हही नाही."

"इतकी वर्षं मनात ठेवलंस?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "तेव्हा माझ्या हातात नव्हतं रे. आता आहे म्हणून आलो. तुझ्या वडिलांनाही बरं वाटलं असतं."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मी उठून उभा राहिलो. "वडील आले होते, सर," मी म्हटलं. "कोट घालून आले होते. दोनदा हॉल फिरले."

सरांनी मान खाली घातली. चहा निम्माच प्यायले आणि गेले. बाकीचे फोटोही त्यांनी नेले नाहीत.

बायको बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मग आली आणि म्हणाली, "दिला असता तर काय झालं असतं? हजार लोकांनी बाबांना पाहिलं असतं." ती चुकीचं बोलत नव्हती. पण ज्या कारणासाठी तो लावला गेला नाही आणि ज्या कारणासाठी मागितला गेला, त्या दोन्हींत बाबा कुठेच नव्हते, हे मी तिला कसं सांगणार होतो?

बाग झाली. काही महिन्यांनी मी एकदा तिकडे गेलो. फाटकातून आत शिरल्यावर समोरच पहिल्या फलकावर कोरेगावचा स्तंभ होता. कुठल्याशा कॅलेंडरवरून मोठा केलेला रंगीत फोटो, आकाश नको तितकं निळं, कडा फाटल्यासारख्या. खाली लिहिलं होतं, 'एक ऐतिहासिक रणभूमी'. कोण लढलं, कुणाशी, कशासाठी, कोण जिंकलं, यातलं एक अक्षर नव्हतं. माझ्या नकारामुळे कुणाचंच काही अडलं नव्हतं. स्पोर्ट शूज घातलेले एक गृहस्थ फलकाच्या लोखंडी पायावर टाच टेकवून पोटऱ्या ताणत होते. त्यांनी मला हिंदीत विचारलं, "देखना है आपको?" आणि बाजूला सरकले. मी नाही म्हटलं.